भुईचाफ्याची रिकामी कुंडी

पत्राचा सारांश

पत्रलेखिका निवृत्त शिक्षिका आहेत. पुण्यात मुलगा, सून आणि नातवासोबत राहतात. घरापुढे सात-आठ कुंड्या मावतील एवढा कट्टा आणि भिंतीलगत हातभर मातीची पट्टी, एवढीच त्यांची बाग. माहेर दापोलीजवळच्या खेड्यातलं. तिथल्या परसात फणसाखाली दर चैत्रात भुईचाफा यायचा. पान नाही, खोड नाही, थेट जमिनीतून पांढरी-जांभळी फुलं. तीन वर्षांपूर्वी आई गेली, भावांनी घर विकलं, आणि शेवटच्या दिवशी निघताना यांनी पिशवीभर गड्डे उकरून आणले. पहिल्या पावसाळ्यात झकास पानं आली. दिवाळीनंतर ती पिवळी पडू लागली, तसं त्यांनी पाणी वाढवलं, खत घातलं. पानं गेलीच. पुढच्या दोन वर्षांत हेच झालं. चार कुंड्यांची एक उरली आणि फूल एकदाही आलं नाही. परदेशात कंदांना थंडी दाखवतात असं कुठेसं वाचून त्यांनी दोन गड्डे डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले आहेत. सून म्हणते, ‘आई, त्या रिकाम्या कुंडीत कोथिंबीर तरी लावूया.’ ट्रेकला जाणारा भाचा म्हणतो, ‘मावशी, घाटात ढिगानं आहेत, पुढच्या वेळी आणून देतो.’ बाई विचारतात: कुंडी सुनेला देऊन टाकू, भाच्याला हो म्हणू, की पुण्याच्या हवेत हे फूल येतच नाही असं समजून नाद सोडू?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आईनं त्याला कधी पाणी घातलेलं मला आठवत नाही, तरी दर वर्षी यायचा, मी एवढं करते तरी येत नाही.’ यातला ‘तरी’ काढून तिथे ‘म्हणून’ घालून पाहा. पाणी घातलं नाही म्हणून यायचा.

जरा त्या परसात परत जाऊ. तुम्हीच लिहिलंय की विहीर खालच्या अंगाला होती आणि पाणी पाटानं पोफळींना जायचं. फणस वरच्या अंगाला, घराच्या मागे. पावसाळा संपला की तिथे पाणी न्यायचं तर कळशी कमरेवर घेऊन चढावं लागणार. उघड्या, बोडक्या मातीवर ओतण्यासाठी कळशीभर पाणी वर नेईल अशी बाई मी तरी कोकणात पाहिलेली नाही. त्यामुळे दिवाळीपासून थेट मिरगापर्यंत ती जागा कोरडी ठणठणीत. वरून फणसाचा पालापाचोळा पडत राहायचा, कोणी फार झाडायचं नाही. खाली जांभ्याची माती, पाणी धरून न ठेवणारी. भुईचाफ्याला नेमकं हेच हवं असतं, आणि ते त्याला तिथे आपसूक मिळत होतं. आईच्या हाताला गुण होता असं तुम्ही लिहिता. असेलही, पण या फुलाच्या बाबतीत तो गुण हात न लावण्याचा होता.

भुईचाफा आल्या-हळदीच्या कुळातला. जमिनीखाली त्याचा लहानसा गड्डा असतो आणि गड्ड्यापासून निघणाऱ्या मुळांच्या टोकांना बोराएवढ्या फुगीर गाठी असतात. तुम्ही गड्डे उकरलेत तेव्हा त्या दिसल्या असणार. अनेक जण त्यांना रोग समजून खुडून टाकतात. ती त्याची शिदोरी. पावसाळाभर पानं जे कमावतात ते या गाठींत साठतं, आणि एकदा साठलं की पानांचं काम संपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं पिवळी पडतात, लोळतात, नाहीशी होतात. मग चार-पाच महिने वर काहीच नसतं. पुढे ऊन तापायला लागलं की पानांची वाट न पाहता त्या साठ्यावरच फुलं येतात. पहिल्या पावसानंतर पानांच्या सुरळ्या निघतात आणि पुढच्या वर्षाची कमाई सुरू होते. म्हणजे चैत्रात तुम्हाला दिसायची ती फुलं गेल्या आषाढ-श्रावणाच्या कमाईची.

आता तुमच्या तीन वर्षांकडे या हिशेबानं पाहा. पानं पिवळी पडली, तुम्हाला वाटलं झाड आजारी आहे. वाटणारच. कुंडीतलं कुठलंही झाड पिवळं पडलं की आपला हात आधी झारीकडे जातो, मग खताच्या पुड्याकडे. पण पानं नसलेला कंद पाणी पिऊ शकत नाही. ते पाणी मातीतच राहतं, डिसेंबरच्या थंडीत लवकर सुकतही नाही आणि गड्डा सडतो. हळद लावणारे शेतकरी याला कंदकूज म्हणतात आणि तिला फार घाबरून असतात. तुमच्या तीन कुंड्या पुण्याच्या हवेनं नाही गेल्या, ताई. त्या मायेनं गेल्या. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण हवेचा दोष असता तर तुम्हाला काहीच करता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीये: ‘जिवंत आहे का ते बघायला मधूनमधून उकरून पाहते.’ हे मीसुद्धा केलंय. पहिल्यांदा भुईचाफा लावला तेव्हा जानेवारीत मला इतकी खात्री पटली की तो गेला, की मी अख्खी कुंडी खताच्या ढिगावर उपडी केली. एप्रिलमध्ये भाजीची देठं टाकायला गेलो तर ढिगाच्या कडेला, कांद्याच्या सालांमधून, दोन फुलं वर आलेली. कुंडीत जे मी त्याला करू देत नव्हतो ते तिथे निवांत झालं होतं. तर उकरणं बंद. दर वेळी उकरताना त्या बारीक मुळ्या तुटतात, गाठी सुट्या होतात, आणि फुलासाठी ठेवलेला साठा जखमा भरण्यात जातो. तुमच्याकडे फूल न येण्यामागे मला पाण्याखालोखाल संशय या उकरण्याचाच आहे. तिसरं कारण खत. नत्र जास्त असलेलं खत पडलं की पानं फोफावतात. ती छान दिसतात, पण माझा अनुभव असा की अशा वर्षानंतर फुलं कमी येतात.

आता वसंताविषयी. तुम्ही फ्रिजची युक्ती जिथून घेतलीत तिथे ‘स्प्रिंग’ म्हणजे बर्फ वितळल्यानंतरचे दिवस. तिकडचे ट्युलिपसारखे कंद थंडीपासून वाचण्यासाठी जमिनीखाली झोपतात आणि पुरेशी थंडी भोगून झाल्याशिवाय नीट फुलत नाहीत. म्हणून उष्ण प्रदेशात ते लावणारे लोक त्यांना फ्रिजमध्ये ठेवतात. आपला भुईचाफा झोपतो तो कोरड्या दिवसांना चुकवण्यासाठी. झोप दोघांचीही, पण कारण अगदी उलटं. त्याला थंडी नकोच असते. आलं फ्रिजमध्ये जास्त दिवस राहिलं की कसं मऊ आणि पाणचट होतं ते तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाहिलंच आहे, आणि हा त्याचा भाऊबंदच. परक्या हवेतली बागकामाची माहिती सरसकट टाकाऊ असं मी म्हणत नाही, पण महिना आणि ऋतू असलेलं प्रत्येक वाक्य आपल्या पंचांगात बसवून मगच वापरावं.

खरं तर आपल्याकडे वसंत असतो तो बहुतेक डोक्यावर, झाडांवर. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा. पायाखालच्या रानफुलांचा खरा हंगाम पहिल्या सरींनंतर सुरू होतो आणि कासचं पठार भाद्रपदात रंगतं. चैत्रात, पाचोळ्यातून, पाऊस पडायच्या आधी वर येणारं भुईचाफ्यासारखं फूल विरळाच. त्यामुळे तुमचं हे वेड मला पटतं. फक्त त्याची वेळ तुम्ही गुलाबाच्या घड्याळानं पाहत होतात.

पुण्याच्या हवेचं म्हणाल तर काळजीचं कारण नाही. दापोलीत पुण्याच्या कित्येक पट पाऊस पडतो, हे खरं. म्हणून पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो तेव्हा कुंडीला पाणी द्यायचं. त्या दिवसांत त्याला तहान असते. कोरडा हिवाळा तर पुण्यात आयताच मिळतो. माती मात्र बदला. तुम्ही कुंड्यांत घातलेली शेतातली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि तिथे गड्डा टिकणं अवघड. लाल माती, जाडसर वाळू आणि कुजलेल्या पानांचं खत साधारण सारखं घ्या, वर मूठभर जुनं शेणखत. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट बरी. दहा-बारा इंच रुंद, तळाला भोकं मोकळी, त्यावर खापराचे तुकडे. मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, कारण ती बाजूनंही सुकते. गड्डा दोन बोटं खोल, कोंब वरच्या अंगाला, गाठी न तोडता. जागा सकाळचं कोवळं ऊन येईल आणि दुपारी सावली असेल अशी. भर दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. त्या पानांसाठीसुद्धा तो लावावा, खरं तर: वर गडद-फिक्या हिरव्याची नक्षी आणि पान उलटं केलं की जांभळट छटा. तुमच्या नातवाला एकदा उलटं करून दाखवा.

भिंतीलगतच्या मातीच्या पट्टीचा मोह होईल. तिथे बाकी झाडांना रोज पाणी जात असेल तर नको. मोगऱ्याच्या किंवा शेवंतीच्या शेजारी भुईचाफा लावणं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्याला चाळीतल्या शाळेशेजारी झोपवणं.

गोगलगायींकडे पावसाळ्यात लक्ष ठेवा. कोवळ्या सुरळ्या त्या एका रात्रीत फस्त करतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. ज्यांच्याकडे आधी कंदकूज झाली आहे त्यांनी जुनी माती त्या कुंडीत परत वापरू नये आणि लावताना मातीत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी. बाकी औषधांची गरज मला कधी पडली नाही.

आता भाच्याचं. पोरगा प्रेमानं म्हणतोय, त्याला रागवू नका, पण नाही म्हणा. एक तर तो कधी पाहून आला? पावसाळी ट्रेकला घाटात या कुळातली कितीतरी पानं एकासारखी एक दिसतात. रानहळद असेल, चवर असेल, आणखी काही असेल. फुलाशिवाय ओळख पटणं त्याला काय, मलाही अवघड. आणि फूल असतं तेव्हा, भर एप्रिलच्या उन्हात, ट्रेकर घाटात फारसे नसतात. म्हणजे तो भुईचाफा समजून भलतंच काही उपटून आणणार ही शक्यता मोठी. दुसरं, राखीव वनातून वनस्पती उकरून आणणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणखी कडक. देवराईत तर कायद्याच्या आधीपासून वाळकी काडीही उचलायची नाही असा दंडक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. एका गड्ड्याचे तीन-चार व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. पिशवीभर गड्डे म्हणजे एखाद्या उतारावरची कित्येक वर्षांची वाढ, आणि ती तुमच्या कट्ट्यावर येऊन पुन्हा काळ्या मातीत आणि झारीखाली जाणार होती.

माहेरून तुम्ही आणलेत त्याची गोष्ट वेगळी. ते तुमच्या परसातले होते, माणसांनी राखलेले होते. तो अपराधीपणा पत्रातून डोकावतो, तो सोडून द्या.

जाता जाता, पत्रात तुम्ही ‘आपलं अस्सल देशी फूल’ असं दोनदा लिहिलंय. त्यावर थोडं बोलतो, कारण हा प्रश्न इतर वाचकांच्या पत्रांतही सारखा येतो. भुईचाफा भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे आणि संस्कृतात त्याला भूमिचंपक म्हणतात. लिनियसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं ते १७५३ साली, म्हणजे पेशवाईच्या काळात. पण नावात चाफा असला तरी त्याचं इतर चाफ्यांशी काही नातं नाही. आपण चाफा म्हणतो त्यांतली बरीचशी झाडं एकमेकांचीही कोणी नव्हेत. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. आणि देवळापुढे वर्षानुवर्षं उभा असलेला, आपल्याला सगळ्यात ‘आपला’ वाटणारा पांढरा चाफा थेट अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेला. देशी म्हणून एखादं झाड लावायचं असेल तर नावावर किंवा देवळावर विसंबू नका. आणि देशी आहे म्हणजे काही न करता कुठेही येईल, हाही भ्रमच. उलट रानातल्या झाडाच्या सवयी जास्त पक्क्या असतात. बाजारी रोपं रोज पाण्याला सरावलेली असतात, रानातलं झाड सरावत नाही.

मग नवे गड्डे आणायचे कुठून? सगळ्यात आधी माहेरच्या गावातून. तुमचं घर विकलं गेलं, शेजारपाजार तिथेच आहे. कोकणात अशी रोपं कुंपणावरून इकडून तिकडे जात आलेली आहेत. मला खात्री वाटते की तुमच्या आईनं दिलेला भुईचाफा वाडीत दोन-तीन घरी तरी असेल. फोन करून विचारा. ‘आईनं कुणाला दिला होता का?’ हा प्रश्न विचारायला तुम्हाला अवघड वाटेल. पत्रावरून दिसतं की घर विकल्यापासून तुम्ही तिकडे कुणाशी फारसं बोललेला नाहीत. हा फोन तुम्ही फक्त गड्ड्यांसाठी करणार नाही, ते मलाही समजतं. पण गड्ड्यांचं निमित्त चांगलं आहे.

इतर वाचकांना असं माहेर नसेल तर रोपवाटिकेत जावं, आणि शक्यतो पावसाळ्यात जावं, पानं असताना. रोप त्यांनीच वाढवलंय की रानातून आणलंय, हे सरळ विचारावं. याच्या अगदी जवळच्या नात्यातलं एक भाऊबंद निव्वळ पानांसाठी विकतात. त्याची पानं जमिनीलगत पसरतात, जांभळी फुलं पावसाळ्यात पानांमधूनच डोकावतात. तेही सुंदर आहे, पण चैत्रात बोडक्या मातीतून वर यायची गंमत त्यात नाही. भुईचाफ्याची पानं बरीच उभी वाढतात. आणि नुकतंच विभागलेलं रोप पहिल्या चैत्रात फुललं नाही तर निराश होऊ नये. दुसऱ्या वर्षी बहुधा येतं.

आता सूनबाई. मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे, म्हणून तो तुम्ही दोन ओळींत उरकलात. ‘तिला काय कळणार’ असं तुम्ही लिहून खोडलंय. खोडलेलं वाचता येतं, ताई. तिच्या बाजूनं पाहा. कट्टा एवढासा. त्यावर एक मोठी कुंडी तीन वर्षं मातीनं भरलेली, वर काही नाही, आणि सासूबाई तिला पाणी घालतायत. ती ‘फेकून द्या’ म्हणाली नाही. ‘कोथिंबीर लावूया’ म्हणाली. लावूया. यात मला तरी कुठे वाकडेपणा दिसला नाही.

आणि योगायोग असा की तिची कोथिंबीर आणि तुमचा भुईचाफा यांचं वेळापत्रक कधी आपसात येतच नाही. कोथिंबीर, मेथी, पालक यांना पुण्यात हिवाळा मानवतो. त्यांना पाणी हवं, ऊन हवं, कट्ट्यावरची पुढची जागा हवी. भुईचाफ्याला त्याच चार महिन्यांत यातलं काहीच नको. तर असं करा: पानं पूर्ण पिवळी होऊन आडवी झाली की, ओढून न काढता, ती आपोआप सुटली की उचला. पाणी बंद करा. मग कुंडी कट्ट्याखाली, जिन्याखाली, कुठेही सावलीत आणि अवकाळी पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी सरकवा. कट्ट्यावरची ती जागा होळीपर्यंत सुनेची. तिनं तिच्या वेगळ्या कुंडीत काय हवं ते लावावं. फक्त त्याच कुंडीत नको, कारण कोथिंबिरीचं पाणी खालच्या गड्ड्याला मारेल. हे तिला समजावून सांगा, तीन वर्षांत बहुधा कोणी सांगितलेलं नाही. उन्हं तापली, तिची मेथी संपली की तुमची कुंडी वर. पावसाळाभर ती पानांनी भरलेली असेल आणि तेव्हा तिच्याकडेही कट्ट्यावर लावायला फारसं काही नसेल.

कट्ट्याखाली सरकवलेल्या कुंडीवर एक पट्टी मात्र खोचून ठेवा, नाव आणि ‘पाणी घालू नये’ असं लिहून. कामाला येणाऱ्या मावशी, पाहुणे, नातू, सगळ्यांनाच कोरडी माती दिसली की तांब्याभर पाणी ओतायची हुक्की येते. आपल्याकडे झाडाला पाणी घालणं पुण्याचं काम ना. पट्टी नातवाकडूनच लिहून घ्या. मग तोच पहारा देईल.

तुम्ही पत्र पाठवलंत ते जानेवारीत, म्हणजे कुंडी आता झोपेत आहे की संपली आहे हा प्रश्न उरतोच. शेवटचं एकदा उकरा, मग नाही. मधोमध नाही, कडेनं, बोटानं. गड्डा हाताला टणक लागला तर जिवंत आहे. माती परत लोटा, वर सुका पाला पसरा, बस्स. मऊ, तपकिरी, कुबट वासाचा लागला तर सगळं बाहेर काढून सडका भाग स्वच्छ सुरीनं कापून टाका. टणक तुकडा उरला तर त्यावर राख लावून दोन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत पुरून ठेवा. बोटभर तुकडाही पुरतो. मार्चच्या मध्यावर नवी माती करून लावा. जिवंत कुंडीला तेव्हापासून आठवड्यातून एकदा हलका शिपका चालेल, पण भिजवायचं नाही. मातीतून जांभळट-पांढरं टोक दिसलं की मगच थोडं पाणी.

फुलाकडून अपेक्षाही जरा खाली आणा. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं. एका गड्ड्यातून पाठोपाठ पाच-सहा येतात, रोज एखाददुसरं, म्हणजे आठवडाभराचा सोहळा. वास घ्यायचा तर खाली वाकावं लागतं. दुपारच्या उन्हात ते मलूल होतं आणि संध्याकाळी बघू म्हटलं तर गेलेलं असतं. तुमच्या आठवणीतला फणसाखालचा पांढरा-जांभळा गालिचा बहुधा पन्नास-साठ गड्ड्यांचा होता आणि तो जमायला तीस-चाळीस वर्षं लागली असतील. तुमच्या कुंडीत पहिल्या वर्षी एक फूल आलं तरी घरच्यांना बोलवा. सुनेला आधी.

ज्यांना हे सगळं वाचून वाटेल की एवढा संयम आपल्याला जमायचा नाही, त्यांच्यासाठी वसंतातलंच एक सोपं रानफूल सांगतो: कुसर. सह्याद्रीतली रानजुई म्हणा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढऱ्या चांदण्यांनी लगडते, सुगंध चांगला, आणि कुंपणावर किंवा जाळीवर चढते. फांदीपासून रोप होतं, म्हणजे मूळ झाड उपटावं लागत नाही. वाढली की छाटायची, एवढंच. आणि पहिल्या पावसाची वाट पाहायची तयारी असेल तर रानहळद. तिचे गुलाबी तुरे पावसाबरोबर येतात, झोपेचे नियम भुईचाफ्यासारखेच. आमरी म्हणजे रानातली ऑर्किडं मात्र कुणीही आणू नयेत. त्यांच्या बियांत रुजायला लागणारा अन्नसाठाच नसतो, विशिष्ट बुरशीच्या साथीशिवाय त्या रुजत नाहीत. रानातून काढलेलं झाड घरी वर्षभर तग धरतं, मग जातं, आणि मागे रानातही त्याची जागा भरून निघत नाही.

आणि हो, फ्रिजमधला डबा. हे वाचून झालं की आधी तो काढा. झाकण लगेच उघडून गड्डे पुसून घ्या, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर पाणी सुटतं. दोन दिवस वर्तमानपत्रावर सावलीत राहू देत, उन्हात नको. टणक असतील तर एक तुमच्या कुंडीत जाईल. दुसरा पसरट छोट्या कुंडीत लावून सुनेच्या हाती द्या, पाणी कधी घालायचं नाही ते सांगून.